कथाकार प्रेमचंद

गोष्ट ऐकण्याची व वाचण्याची आवड लहानथोरांना सारखीच असते. चांगली गोष्ट हाती पडली की ती संपेपर्यंत तहानभुकेचे भान राहत नाही. परंतु ती गोष्ट लिहिणाऱ्याला तिच्यासाठी काय किंमत मोजावी लागली असेल, हा विचार वाचकाच्या मनात क्वचितच येतो. लेखकाच्या लेखणीतून कथा झऱ्यासारख्या आपोआप वाहत असतील, लोक त्याचा जयजयकार करीत असतील आणि लक्ष्मी त्याच्या घरी पाणी भरीत असेल, अशीच पुष्कळांची समजूत असते. ही समजूत वस्तुस्थितीपासून किती दूर आहे, हे हिंदी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील थोर कथाकार मुन्शी प्रेमचंद यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसून येते.

प्रेमचंद हे त्यांचे जन्मनाव नव्हे. त्यांचे खरे नाव धनपतराय. ३१ जुलै १८८० रोजी काशीजवळच्या लमही या लहानशा खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील अजायबलाल हे टपालखात्यात कारकून होते. त्यांचा पगार बेताचाच असे आणि वरचेवर बदल्याही होत. धनपतचे चुलते लाडाने त्याला नवाब म्हणत; पण या नवाबाच्या नशिबी सुखाचे दिवस फार थोडे होते. तो सातआठ वर्षांचा असतानाच त्याची आई आनंदीदेवी निवर्तली. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला. नव्या संसारात त्या पोरक्या मुलाच्या मनाला आईच्या मायेचा ओलावा मिळाला नाही. मुलांच्या मनातील दुःख त्यांनी पुढे आपल्या कथांतून इतक्या नाजूकपणे रेखाटले, त्याचे मूळ या दिवसांत सापडते.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धनपतचे आरंभीचे शिक्षण एका मौलवींच्या हाताखाली उर्दू आणि फारसी या भाषांत झाले. वडिलांची बदली गोरखपूरला झाली, तेव्हा तो तेथील शाळेत जाऊ लागला. तेथे त्याला वाचनाचे विलक्षण वेड लागले. तिलस्म, जादू आणि अद्भुत पराक्रम यांनी भरलेले उर्दू कथांचे जाडजूड ग्रंथ त्याला मोहिनी घालीत. पण ग्रंथ विकत घ्यावयाचे, तर खिशात पैसा नव्हता. अखेरीस त्याने एक युक्ती काढली. गावातील एका पुस्तकविक्रेत्याकडून तो इंग्रजी विषयाची मार्गदर्शक पुस्तके घेई आणि शाळेतील मुलांना विकून देई. त्या कामाच्या मोबदल्यात तो दुकानातील कादंबऱ्या वाचावयास नेई. अशा रीतीने दोनतीन वर्षांत त्याने शेकडो पुस्तके वाचून काढली. घरात पुस्तके नसताना आणि हाती पैसा नसताना झालेले हे वाचन हीच त्याची पहिली खरी शाळा होय.

वाचता वाचता त्याला स्वतः लिहावेसे वाटू लागले. त्या वेळी त्याचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. त्याचे एक दूरच्या नात्यातील मामा घरी येऊन राहत. ते त्याला येताजाता दटावीत व त्याच्या वाचनावरून बोल लावीत. पुढे या मामांचीच गावकऱ्यांनी मोठी फजिती केली. धनपतला आयताच विषय मिळाला. त्याने त्या फजितीवर एक नाटुकले लिहिले, मित्रांना वाचून दाखवले आणि शाळेत जाताना ते मामांच्या उशाशी ठेवून दिले. संध्याकाळी परत येऊन पाहतो, तो मामाही नाहीत आणि ते लिखाणही नाही! मामांनी ते जाळले की आपल्याबरोबर नेले, हे कधीच कळले नाही. पहिली कृती अशी नाहीशी झाली. परंतु लेखणीत केवढे सामर्थ्य असते, हे त्या मुलाला त्या दिवशी उमगले.

यानंतरचा काळ मोठ्या हलाखीचा होता. वयाच्या पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याचा विवाह करून दिला आणि १८९७ मध्ये वडील मृत्यू पावले. पत्नी, सावत्र आई आणि तिची मुले यांचा भार एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर पडला. अशाही परिस्थितीत धनपतराय मॅट्रिकची परीक्षा दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. पुढे शिकण्याची त्यांना फार हौस होती. पण गणिताने त्यांची वाट अडवली. गणित हा विषय त्यांना हिमालयाच्या शिखरासारखा दुर्गम वाटे. त्यामुळे त्यांना कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. काशीस एका वकिलाच्या मुलास शिकवण्याचे काम त्यांनी धरले. पगार महिना ५ रुपये! वकिलाच्या तबेल्यावर एक लहानशी खोली होती. तिच्यात ते राहू लागले. २ रुपयांत स्वतःचा चरितार्थ चालवावा आणि ३ रुपये घरी द्यावे, असे त्यांनी ठरवले होते. परंतु प्रत्यक्षात हा हिशेब कधीच जुळत नसे.

एकदा तर हिवाळ्याच्या दिवसांत त्यांच्यापाशी एक पैसाही उरला नाही. दोन दिवस त्यांनी एकेका पैशाच्या चण्याफुटाण्यांवर काढले होते. उधार मागण्याचा संकोच वाटत होता. शेवटी २ रुपयांना घेतलेले गणिताचे एक मार्गदर्शक पुस्तक बगलेत मारून ते पुस्तकांच्या दुकानात गेले. अतिशय जपून ठेवलेले ते पुस्तक १ रुपयाला विकून ते पायऱ्या उतरणार, इतक्यात दुकानात बसलेल्या एका भारदस्त गृहस्थांनी त्यांची विचारपूस केली. ते गृहस्थ एका लहान शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांना एका शिक्षकाची आवश्यकता होती. त्यांनी तेथल्या तेथे धनपतरायांना १८ रुपये पगारावर नेमले. ज्या गणिताने विद्येची वाट अडवली, त्याच गणिताच्या पुस्तकाने असे अन्न मिळवून दिले. १८९९ मध्ये चुनार येथे त्यांच्या शिक्षकी जीवनास प्रारंभ झाला. पुढे ते सरकारी शाळाखात्यात शिरले आणि अलाहाबादच्या अध्यापन विद्यालयातील शिक्षणक्रमही त्यांनी पुरा केला. शिकण्याची जिद्द मात्र त्यांनी सोडली नाही. गणित हा विषय ऐच्छिक झाल्यावर ते इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९१९ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बी. ए. झाले.

दिवसा शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात लिहावयाचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यांची पहिली कादंबरी १९०३ पासून काशीच्या एका उर्दू साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. कानपूर येथे असताना 'जमाना' या उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. नवाबराय या नावाने त्यांचे लेख आणि कथा त्या मासिकात येऊ लागल्या. १९०६ मध्ये शिवरानीदेवी या बालविधवेशी त्यांनी पुनर्विवाह केला. विधवाविवाह ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. जे आपल्या लिखाणात मांडावयाचे, ते आपल्या आचरणातही आणावयाचे, हा त्यांचा बाणा होता.

१९०८ मध्ये त्यांचा 'सोजे वतन' नावाचा पाच कथांचा छोटा संग्रह प्रसिद्ध झाला. देशाविषयीची तळमळ हा त्या कथांचा विषय होता. बंगालच्या फाळणीमुळे देशात असंतोष धुमसत असल्याने सरकार अशा लिखाणावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवीत असे. नवाबराय म्हणजे शाळाखात्यातील धनपतराय हे गुपित लवकरच फुटले. त्या सुमारास ते हमीरपूर जिल्ह्यात शाळांचे उपनिरीक्षक होते. एके दिवशी कलेक्टरचा निरोप आला. बैलगाडी जुंपून त्यांनी रातोरात तीसचाळीस मैलांची वाट तुडवली आणि ते साहेबांपुढे हजर झाले. साहेबांच्या मेजावर 'सोजे वतन'ची प्रत पडलेली होती. प्रत्येक कथेचा अर्थ त्यांना विचारण्यात आला. या कथा राजद्रोहाने भरलेल्या आहेत, मोगलांच्या अमदानीत असता तर तुझे हात तोडले गेले असते, असे साहेबांनी त्यांना सुनावले. शिल्लक असलेल्या सर्व प्रती सरकारच्या हवाली कराव्या लागल्या आणि त्या जाळण्यात आल्या. यापुढे दाखवल्यावाचून काहीही छापावयाचे नाही, असे बंधनही घालण्यात आले.

हा प्रसंग त्यांच्या कसोटीचा होता. नोकरी सोडावी, तर घरचे लोक उपाशी पडणार. लेखन सोडावे, तर जगण्यात अर्थ उरणार नाही. त्यांनी दोन्ही सांभाळले. नवाबराय हे नाव त्यांनी टाकून दिले. निगम यांनी प्रेमचंद हे नवे नाव सुचवले आणि १९१० च्या अखेरीस 'बडे घर की बेटी' ही कथा त्या नावाने 'जमाना'मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे खपून मिळवलेले नाव सोडून पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावयाचे, हे लेखकाला सोपे नसते. परंतु लोकांना ओळख पटली ती नावावरून नव्हे, तर कथेवरून. थोड्याच वर्षांत नवाबराय हे नाव लोक विसरले आणि प्रेमचंद हे नाव घरोघरी पोचले.

निरीक्षकाच्या नोकरीने त्यांना एक मोठा लाभ करून दिला. शाळा तपासण्यासाठी त्यांना खेडोपाडी हिंडावे लागे. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या कर्जाच्या, दुष्काळाच्या आणि जमीनदारांच्या जुलमाच्या हकिगती ते ऐकत. पूर्वी त्यांच्या मनात राजपुत्रांच्या आणि जादूगारांच्या कथांचे राज्य होते. आता त्यांच्या जागी नांगरामागे चालणारा शेतकरी, सासरी कष्टणारी सून, गरीब कारकून आणि अनाथ मूल यांनी ठाव घेतला. कथेचे विषय शोधण्यास दूरदेशी जावे लागत नाही, डोळे आणि मन उघडे ठेवले म्हणजे ते आपल्या अंगणातच सापडतात, हे त्यांना कळून चुकले. या प्रवासाची किंमतही त्यांना द्यावी लागली. अवेळी खाण्यामुळे आणि वाईट पाण्यामुळे त्यांना पोटाचा विकार जडला, तो जन्मभर सुटला नाही.

याच काळात त्यांच्यापुढे आणखी एक अडचण उभी राहिली. उर्दू ग्रंथांना प्रकाशक मिळणे कठीण झाले होते. तेव्हा वयाच्या पस्तिशीच्या सुमारास त्यांनी हिंदीत लिहिण्याचा निश्चय केला. लिपी निराळी, वाचक निराळे, शब्दांची ठेवणही निराळी! तरीही त्यांनी नव्या विद्यार्थ्याच्या चिकाटीने हिंदी भाषा आत्मसात केली. 'सेवासदन' ही कादंबरी त्यांनी मुळात उर्दूत लिहिली होती. पण ती प्रथम प्रसिद्ध झाली ती हिंदीत, १९१८ च्या सुमारास. कलकत्त्याच्या प्रकाशकाकडून त्यांना ४५० रुपये मिळाले. मूळ उर्दू कादंबरी मात्र १९२४ मध्ये छापली गेली आणि तिच्याबद्दल २५० रुपयांवर समाधान मानावे लागले. 'सेवासदन'ने त्यांना हिंदीत कीर्ती मिळवून दिली. परंतु कीर्तीने घरखर्च भागत नाही, हेही त्या आकड्यांवरून ध्यानात येते.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी गोरखपूर येथे महात्मा गांधींची प्रचंड सभा झाली. प्रेमचंद पत्नी व मुलांसह त्या सभेस गेले होते. सरकारी नोकऱ्यांचा त्याग करण्याविषयीचे गांधीजींचे आवाहन त्यांच्या अंतःकरणाला भिडले. नोकरीस वीसएक वर्षे झाली होती, प्रकृती खालावलेली होती आणि घरात लहान मुले होती. नोकरी सोडल्यावर खावयाचे काय, हा प्रश्न उघड होता. त्यांनी शिवरानीदेवींशी विचारविनिमय केला. त्या मानी स्त्रीने येणाऱ्या हालअपेष्टांना तोंड देण्याची तयारी दर्शवली आणि काही दिवसांतच प्रेमचंदांनी राजीनामा दिला. ज्या सत्तेने आपली पुस्तके जाळली, तिची चाकरी त्यांनी अशा रीतीने कायमची संपवली. पुढे शिवरानीदेवींनीही १९३० च्या चळवळीत तुरुंगवास सोसला. त्या स्वतःही कथालेखिका होत्या.

यापुढील पंधरा वर्षे प्रेमचंद प्रामुख्याने लेखणीवर जगले. मजूर जसा रोज ठरल्या वेळी कामावर जातो, तसे ते नेमाने लिहावयास बसत. मनात स्फूर्ती आली तरच लिहावे, असा ऐषआराम त्यांना परवडणारा नव्हता. लिहिता लिहिता त्यांचे वाचनही अखंड चालू असे. टॉलस्टॉयच्या कथा आणि गॉल्सवर्दीची नाटके त्यांनी हिंदीत आणली. थोर लेखकांचे ग्रंथ भाषांतरित करताना कथेची बांधणी कशी असते, याचा सूक्ष्म अभ्यास आपोआप होत असे. 'प्रेमाश्रम', 'रंगभूमी', 'निर्मला', 'गबन', 'कर्मभूमी' या कादंबऱ्या याच काळात निर्माण झाल्या. कादंबऱ्यांखेरीज त्यांनी सुमारे तीनशे कथा लिहिल्या.

त्यांपैकी 'ईदगाह' ही कथा मुलांना विशेष प्रिय आहे. ईदच्या जत्रेस निघालेल्या हमीदजवळ अवघे तीन पैसे असतात. इतर मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद मात्र आजीसाठी लोखंडी चिमटा विकत घेतो, कारण तव्यावरील पोळी काढताना तिची बोटे भाजतात. एका गरीब मुलाच्या मनाचा हा मोठेपणा प्रेमचंदांनी कोणताही उपदेश न करता दाखवला आहे. एकेका पैशाचे मोल ज्याने स्वतः उपाशी राहून जाणले, त्यालाच अशी कथा सुचावी, यात नवल नाही.

व्यवहारात मात्र त्यांना अपयशच येत गेले. स्वतःची पुस्तके स्वतः छापावी म्हणजे लेखकाला परावलंबी राहावे लागणार नाही, या विचाराने त्यांनी १९२३ मध्ये काशीस सरस्वती प्रेस नावाचा छापखाना काढला. मार्च १९३० मध्ये 'हंस' हे मासिक सुरू केले आणि १९३२ मध्ये 'जागरण' हे पत्र चालवावयास घेतले. छापखाना तोट्यात, 'हंस' तोट्यात आणि 'जागरण'ही तोट्यात! त्यातच सरकार जामिनाची रक्कम मागे. पुस्तकांतून मिळालेला पैसा या पत्रांच्या तोंडी जाई आणि वर कर्ज होई. पत्रे बंद केली असती, तर त्यांची विवंचना पुष्कळ कमी झाली असती. पण आपले विचार निर्भयपणे मांडण्यास एक जागा हवी, या निष्ठेने ते ओझे वाहत राहिले.

हे कर्ज फेडण्याच्या आशेने ते १९३४ च्या उन्हाळ्यात मुंबईस आले. अजिंठा सिनेटोन या चित्रपटसंस्थेने त्यांना वर्षाला सुमारे ८,००० रुपये देऊ केले होते. दादर भागात त्यांनी बिऱ्हाड केले. गिरणीकामगारांच्या जीवनावर त्यांनी लिहिलेल्या कथेवरून चित्रपट तयार झाला; पण त्यावर सरकारी परीक्षण मंडळाची कात्री चालली आणि मुंबईत त्याच्या प्रदर्शनास मज्जाव करण्यात आला. शिवाय चित्रपटात लेखकाच्या शब्दाला फारशी किंमत नसते, कथा कशी वळवावयाची हे इतरच ठरवतात, असा त्यांना अनुभव आला. पैसा होता, पण मनाला समाधान नव्हते. एप्रिल १९३५ मध्ये, ठरलेले वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांनी मुंबईचा निरोप घेतला आणि ते काशीस परतले. धन आणि लेखनस्वातंत्र्य यांतून एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी काय निवडले, हे येथे दिसते.

परतल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेली 'गोदान' ही कादंबरी पुरी केली. ती १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. होरी नावाच्या एका गरीब शेतकऱ्याची ती कहाणी आहे. आपल्या दारात एक गाय असावी, एवढीच त्याची इच्छा. पण कर्ज, सावकार आणि समाजाच्या रूढी यांच्या जात्यात तो भरडला जातो आणि अखेर मजुरी करता करता प्राण सोडतो. भारतीय शेतकऱ्याचे इतके जिवंत चित्र त्यापूर्वी क्वचितच कोणी रेखाटले असेल. याच वर्षी एप्रिल महिन्यात लखनौ येथे प्रगतिशील लेखकांचे पहिले अधिवेशन भरले आणि त्याचे अध्यक्षस्थान त्यांना देण्यात आले. साहित्य हे केवळ मन रिझवण्याचे साधन नसून त्याने वाचकाला जागे केले पाहिजे, असा विचार त्यांनी तेथे मांडला.

पण शरीर आता थकले होते. जुना पोटाचा विकार बळावला. अंथरुणास खिळले असतानाही 'हंस' बंद पडू नये, याची त्यांना चिंता होती. 'मंगलसूत्र' ही नवी कादंबरी त्यांनी हाती घेतली होती. एका लेखकाच्या जीवनाशी निगडित असलेली ती कथा अपुरीच राहिली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी काशी येथे, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांची लेखणी कायमची थांबली.

प्रेमचंदांनी मागे संपत्ती ठेवली नाही. परंतु त्यांच्या कथा मराठीसह भारतातील अनेक भाषांत गेल्या आणि परदेशांतही वाचल्या जाऊ लागल्या. १९८० मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. टपालखात्यातील एका गरीब कारकुनाच्या मुलाचा हा केवढा गौरव! लेखकाच्या अंगी प्रतिभा हवी, हे खरे. परंतु केवळ प्रतिभा पुरेशी होत नाही. अखंड वाचन, नेमाचे श्रम, माणसांविषयीचा जिव्हाळा आणि लोभाला व भीतीला न जुमानणारे मन, यांचीही तिला जोड लागते. या गुणांच्या बळावरच प्रेमचंदांनी मूक जनांच्या दुःखाला वाणी दिली. लेखन हा त्यांच्या दृष्टीने धंदा नव्हता, ते एक व्रत होते. आणि ते त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत निष्ठेने पाळले.